त्यांच्या खिळ्यावर माझी डिग्री

दसऱ्याच्या सकाळी दुकानातली सगळी हत्यारं पुजायला काढली होती. वजनकाटा, बिलाचं मशीन, गोडाऊनच्या किल्ल्या, दारात नवी गाडी. आणि भिंतीवरून उतरवून, पुसून, पाटावर ठेवलेली एक फ्रेम. फ्रेममध्ये माझी डिग्री. बी.एस्सी. ॲग्री. वर विद्यापीठाचा शिक्का, मधोमध माझं नाव.

दुकान अण्णांचं. निमगाव केतकीत, भर रस्त्याला, खतं-बियाणं-औषधांचं. अण्णांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. काकूंनी काट्याला हळद-कुंकू लावलं, गाडीला लावलं, माझ्या डिग्रीला लावलं. बोट ओलं होतं. हळद काचेवरून ओघळली आणि फ्रेमच्या फटीत गेली. मी पायरीवर उभी होते. हातात झेंडूची फुलं, मीच सकाळी बाजारातून आणलेली. वाटलं, एक फूल आपणही वाहावं. आपलीच तर आहे. मी एक पाऊल आत टाकलं.

"थांब गं तितंच," काकू म्हणाल्या. "पूजा झालीया. शिवू नगं आता. लांबनंच नमस्कार कर."

शिवू नगं. माझ्या नावाला. मी.

आणि मी नमस्कार केला. हात जोडले, मान खाली घातली, स्वतःच्या डिग्रीला दारातून पाया पडले. मग काकूंनी सोनं वाटलं. सगळ्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली, माझ्या ओंजळीत वरून सोडली. एक पान खाली पडलं. "घे उचलून," म्हणाल्या, हसून. काकू वाईट बाई नव्हती. आईच्या गुडघ्याची चौकशी करायची, दिवाळीला फराळ द्यायची. फराळही असाच, वरून.

आमची वस्ती वरकुट्यात, गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडं. एवढं सांगितलं की आमच्याकडच्या माणसाला पुढचं विचारावं लागत नाही. त्या दिवशी आई पांढरं लुगडं नेसून विहारात गेली होती. मलाही ये म्हणाली होती. मी म्हटलं, दुकानात पूजा आहे, डिग्रीची पूजा आहे, मालकांनी बोलावलंय. केवढ्या मिजाशीत सांगितलं होतं मी.

संध्याकाळी आईनं विचारलं, "मग? केली का पूजा तुझ्या कागदाची?"

"केली," मी म्हटलं आणि भाकरी थापायला बसले.

तो कागद घरात आला तेव्हा आईनं हात धुऊन, पदराला पुसून मग तो हातात घेतला होता. तिला वाचता येत नाही. उलटा धरला होता. "ह्यात माझं नाव कुठंशी हाय?" म्हणाली. मी म्हटलं, "तुझं नाही गं. बापाचं आहे." बाप मी तिसरीत असताना गेला. त्यानं माझी शाळा बाहेरूनही पाहिली नाही. आईनं लोकांच्या डाळिंबात, द्राक्षात, उसात वाकून वाकून मला बारामतीला शिकवलं. "असू दे," ती म्हणाली. "तुझं हाय न्हवं? बास झालं."

बारामतीच्या कॉलेजात पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला उठवून विचारलं होतं, घरी पीक काय? पोरं सांगत गेली. ऊस. द्राक्ष. केळी. डाळिंब. माझी पाळी आली. मी म्हटलं, "मजुरी, सर." वर्ग हसला. सरही हसले, मग सावरले, म्हणाले, बस, बस. त्या दिवशी मला रडू आलं नाही. उलट चेव आला. जिच्या घरी गुंठाभर रान नाही ती रानाची पुस्तकं कोळून प्यायली. झाडाचं पान बघून दुखणं ओळखायला शिकली. बागायतदारांची पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या खोलीबाहेर वह्या मागायला उभी राहायची. मला वाटायचं, झालं, आता आपण पार झालो.

पार कसलं. पास झालो एवढंच.

सरकारी जागेची जाहिरात कधी निघायची, कधी रद्द व्हायची, कधी कोर्टात अडकायची. औषध कंपनीच्या मुलाखतीत विचारलं, "मोटारसायकल येते का?" मी म्हटलं, शिकेन. "रानावनात एकटी फिरशील का?" मी म्हटलं, माझी आई आयुष्यभर रानातच आहे. त्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि कळवतो म्हणाले. अजून कळवतायत. बारामतीच्या एमआयडीसीत पॅकिंगचं काम होतं, तिथं दहावी पासवरही चालत होतं. "तुमचं शिक्षण जास्त होतंय," तिथला माणूस म्हणाला. एकीकडं कमी पडलं, एकीकडं जास्त झालं. नेमकं माझ्या मापाचं कुठंच निघालं नाही.

तेव्हा अण्णा आमच्या दारात आले. ओढ्यापलीकडं, पांढऱ्याशुभ्र कपड्यात, गाडी घेऊन. वस्तीतली पोरं गाडीभोवती गोळा झाली. आईनं शेजारून खुर्ची आणली, पाणी आणलं. "आत्ताच पिऊन आलोय, वयनी," अण्णा म्हणाले. तांब्या तसाच राहिला.

"पोरगी शिकलीया म्हनं शेतकीचं. आमच्या दुकानाला कागद पायजे. नियम हाय सरकारचा. औषधं इकायची तर शिकलेलं मानूस लागतं."

"मग कधीपासून येऊ?" मी विचारलं.

अण्णा हसले. "यायचं कशाला ऊनातान्हाचं? तू घरी बस. कागुद फकस्त दे. म्हैन्याला काय ते पोच करतो."

आमच्या भागात ही रीतच आहे. दुकान एकाचं, डिग्री दुसऱ्याची. माणसांच्या औषधाच्या दुकानांचं तसंच, खताच्या दुकानांचं तसंच. डिग्रीवाला असतो पुण्यात, नाहीतर घरी गोठ्यात, आणि डिग्री खिळ्याला. सगळ्यांना माहीत असतं. तपासायला येणाऱ्यांनाही. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी कुणाला नोकरी लागली का, असं विचारत नाही. विचारतात, "कुठं टांगलीस?" एकाची इंदापुरात टांगलेली, तो स्वतः जेसीबी चालवतो. एकीची भिगवणला, ती सासरी म्हशी बघते. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसा हा धंदा. आम्ही हसतो त्यावर. हसलं नाही तर काय करायचं?

पण मी म्हटलं, "मी येणार. रोज येणार. डिग्री आणि मी बरोबरच."

"ये की मग," अण्णा म्हणाले. "जागा काय, गोडाऊनात मोप हाय."

मला तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता. खरंच गोडाऊनात बसवलं. पुढं काउंटरवर अण्णा आणि त्यांचा मुलगा बाळूशेठ. बाळूशेठ बारावीत अडकला तो अडकलाच. मागं मी. खोकी लावायची, जुना माल पुढं घ्यायचा, कंपनीचा माणूस आला की चहा सांगायचा. काउंटरच्या वर, देवाच्या फोटोशेजारी, माझी डिग्री. गिऱ्हाईक आलं की आधी देव बघायचं, मग डिग्री, मग बाळूशेठ. मी दिसायचेच नाही. मधे पोत्यांची थप्पी होती.

शेतकरी पिशवीतून पानं घेऊन यायचे. रोगट फळं, मुळ्या, मोबाइलवर फोटो. मला मागून सगळं ऐकू यायचं. बाळूशेठ पान हातात घ्यायचा, उलटंसुलटं करायचा, आणि कपाटात जे जास्त साठलं असेल ते काढून द्यायचा. वर एक टॉनिक. कुठलाही रोग असो, टॉनिक हे आलंच. मी आत दात आवळून बसायचे. कॉलेजात या एकेका रोगावर मी रात्री घालवल्या होत्या, आणि इथं माझ्या नावाखाली बसून हा माणूस लोकांच्या रानात काहीही मारायला लावत होता.

एकदा न राहवून बाहेर आले आणि एका म्हाताऱ्या आबांना म्हटलं, "आबा, हा रोग नाही. पाणी जास्त झालंय. औषध नका नेऊ, पाणी तोडा." आबा पिशवी ठेवून निघून गेले. विक्री गेली.  अण्णांनी पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघितली, चारचौघं जमू दिली, आणि मग बोलले.

"ही आमची डॉक्टरीन बाई. हिची डिग्री भितीवर बोलती, तवा हिनं बोलायची गरज न्हाय. काय? जा आत, खोकी बघ."

लोक हसले. मीही हसले. का हसले ते मला आजवर कळलं नाही. कुणीतरी गुदगुल्या कराव्यात आणि रडता रडता हसू यावं, तसं काहीतरी. आत जाऊन खोकी बघितली.

दसरा झाला आणि परतीचा पाऊस जोरात आला. डाळिंबावर तेल्या पडला, पानाफळांवर तेलकट काळे डाग. ज्याच्या बागेत तेल्या शिरला तो माणूस घरात जेवत नाही, एवढी त्या डागाची भीती. दुकानात रांग लागली. त्या रांगेत आमच्याच गावचे तात्या होते. तात्यांची बाग मोठी, हस्त बहार धरलेला, झाडं फुलांनी लाल झालेली. आई त्यांच्याच बागेत कामाला. वर्षानुवर्षं. तात्यांच्या झाडांना तात्यांपेक्षा आईचे हात जास्त लागलेत.

बाळूशेठनं दोन औषधं काढली. एक तांब्याचं बुरशीनाशक. दुसरं नवीन आलेलं, आंबट, आम्लाच्या अंगाचं, ज्याची खोकीच्या खोकी मी स्वतः आत लावली होती. "दोनी एकाच टाकीत कालवा. दनका बसंल," बाळूशेठ म्हणाला.

मी आतून ऐकलं आणि पोत्यांवरून जवळजवळ उडी मारून बाहेर आले. "तात्या, ही दोन एकत्र नका मारू. बाग भाजेल. फुलं जातील. त्यात पावसानंतरचं ऊन आहे."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मग अण्णांकडं. अण्णा शांतपणे म्हणाले, "तात्या, तुमी कुनाचं ऐकनार? पंचवीस वर्सं दुकान चालीवनाऱ्याचं का काल शिकून आलेल्या पोरीचं?"

तात्या हसले. "पोरी, तुझी आय आमच्या बागंत पानं येचती. आता तू आमाला बाग शिकीवती व्हय?"

दोन्ही बाटल्या पिशवीत घालून गेले. 

त्या रात्री आईला म्हटलं, "तात्यांना सांग ना गं, नका मारू म्हणावं." आई म्हणाली, "मी? मी सांगू?" एवढंच. चूक माझीच होती. जिला बांधावर बसून भाकरी खायला सांगतात, तिला मी औषधाचा सल्ला द्यायला पाठवत होते.

बाग भाजली. पानांच्या कडा करपल्या, फुलं काळी पडली, हात लावला की खाली. आई बागेतून आली तेव्हा तिच्या पदराला ती करपलेली फुलं चिकटली होती. काय झालं ते शेजारच्या बाईनं सांगितलं. सगळ्या मजूर बायांसमोर तात्या आईला म्हणाले होते, "शिकून शेवटी काय केलं तुझ्या पोरीनं? आमचीच बाग जाळली. उद्यापासनं येऊ नगं."

माझ्या अंगाला आग लागली. "मी? मी जाळली?"

आई म्हणाली, "दुकानदार म्हनला म्हनं त्यास्नी. डिग्रीवाल्या बाईनं सांगितलं तसंच दिलं, आमी काय अडानी मानसं."

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. इतके दिवस ही म्हण मी नुसती ऐकली होती.

तात्यांच्या भावकीनं त्यांना गप्प बसू दिलं नाही. इंदापूरला तक्रार गेली. कृषी खात्याचे साहेब येणार असं कळलं आणि दुकानाची कळाच बदलली. मी सकाळी गेले तर काउंटरच्या मागं एक खुर्ची ठेवलेली. गादीची. बाळूशेठची.

"बस," अण्णा म्हणाले.

मी उभीच.

"बस गं. तुझीच हाय." काकूंनी आतून चहा पाठवला. कपात. दुकानातल्या कपात, ज्यात सगळे प्यायचे. इतके दिवस माझा चहा कागदाच्या कपात यायचा. मला वाटायचं स्वच्छतेसाठी असेल.

अण्णा माझ्यासमोर वाकले. आवाज एकदम मऊ. "हे बघ पोरी. साहेब इचारतील, सल्ला कुनी दिला? तू म्हनायचं, मी दिला. नवीन हाय, अंदाज चुकला. बाईमानूस बघून सोडत्यात, मी बोललोय वर. तुला काय व्हत न्हाय. दुकान मातुर वाचतं. तुझ्या आयचं काम बी मी तात्याला सांगून चालू करून देतो."

"पण मी नको म्हटलं होतं," मी म्हणाले. "तुमच्यासमोर."

"म्हटलं आसंल. आता काय त्याचं? आज तू बोलायचं. आज तुझी गरज हाय."

आज बोलायचं. इतके दिवस डिग्री बोलत होती, मी गप्प. आज डिग्रीनं गप्प बसायचं आणि मी बोलायचं, तेही त्यांचं. मी त्या गादीच्या खुर्चीवर बसले. खरं सांगते, मी बसले. आईचं काम डोळ्यासमोर होतं. गुडघा दुखत असतानाही ती आपली रोज पहाटे उठत होती आणि कामावर जायचं नाही हे आठवून परत बसत होती. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. माझी चूक झाली, साहेब. असली वाक्यं आमच्या तोंडून सहज निघतात. पिढ्यानपिढ्यांची सवय आहे.

साहेब आले. बरोबर एक कारकून. मागं तात्या आणि त्यांचे दोन भाऊ. दुकानाबाहेर गर्दी. साहेबांनी भिंतीवर बघितलं, नाव वाचलं, मग माझ्याकडं बघितलं.

"तुम्हीच का या?"

"हो."

"सल्ला कुणी दिला होता?"

अण्णांनी घसा साफ केला. काकू आतल्या दारात उभ्या. मी तोंड उघडलं, आणि नजर वर गेली. फ्रेमच्या आत, काचेच्या खाली, हळदीचा ओघळ कागदापर्यंत पोचला होता. माझ्या नावाच्या शेवटच्या अक्षरावर पिवळा डाग. मला दसऱ्याची पायरी आठवली. जोडलेले हात आठवले. ज्या कागदाला शिवायचं नाही, त्या कागदाची चूक मात्र माझी?

"सल्ला मी दिला नाही," मी म्हटलं. "मी यांना नको म्हणाले होते. दोन औषधं एकत्र मारू नका, बाग भाजेल, असं तात्यांना तोंडावर सांगितलं होतं. इथं सल्ला मी देत नाही. मला देऊ देत नाहीत. मी मागं खोकी लावते."

 साहेब तात्यांकडं वळले. "खरं आहे का? ही बाई तुम्हाला नको म्हणाली होती?"

मी तात्यांकडं बघितलं. त्यांनी बघितलं नाही. पायातल्या चपलेकडं बघत म्हणाले, "काय की, साहेब. गर्दी व्हती. ध्यानात न्हाय."

ध्यानात नाही. गेलेली बाग ध्यानात होती. आईला हाकललं ते ध्यानात असेल. मी बोललेलं तेवढं गेलं. त्यांना उद्या परत याच दुकानात यायचं होतं, अण्णांच्या पंगतीला बसायचं होतं. माझ्या पंगतीला त्यांना कधीच बसायचं नव्हतं.

साहेब मग मला म्हणाले, चिडून नाही, सरळ विचारावं तसं. "बाई, तुम्ही सल्ला देत नाही, तर मग तुमची डिग्री इथं काय करतेय?"

 कॉलेजात एवढी वर्षं हुशार म्हणून मिरवले, असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. माझी डिग्री इथं काय करतेय? माझ्या नावानं विष विकतेय. ज्या बागेत आई वाकली ती बाग जाळतेय. बाळूशेठच्या डोक्यावर छत्री धरतेय. मी उठले. ती गादीची खुर्ची भिंतीला लावली आणि तिच्यावर चढले, चपलांसकट.

"ए!" अण्णा ओरडले. "हात लावू नगं त्याला!"

"माझी आहे," मी म्हटलं.

फ्रेम खिळ्यातून निघाली. मागं भिंतीवर एक पांढरा चौकोन उरला, बाकी भिंत धुरानं काळवंडलेली. खाली उतरले. काकूंनी एक पाऊल पुढं टाकलं, हात पुढं केला, आणि थांबल्या. मी साहेबांना म्हटलं, "आता इथं माझं काही नाही. जे बोलले ते लिहून घ्या, मी सही करते." कारकुनानं लिहून घेतलं. मी वाचलं, दोन ठिकाणी दुरुस्त करायला लावलं, मग सही केली. साहेबांनी औषधांच्या कपाटाला सील लावायला सांगितलं. डिग्रीवालं माणूस नाही तोवर विक्री बंद.

मी फ्रेम काखेत मारून निघाले. गर्दीनं वाट दिली. कुणीतरी म्हणालं, "खाल्ल्या घरचे वासे मोजती." मी वळून बघितलं. कोण म्हणालं ते कळलं नाही. मी त्या घरात काय खाल्लं होतं? वरून पडलेला फराळ.

आता कुणाला वाटेल, इथं माझा विजय झाला. तसं काही झालं नाही. थोड्याच दिवसांत सील निघालं. त्याच खिळ्यावर दुसरी डिग्री आली. कुणाची ते मला ग्रुपवर कळलं. आमच्याच बॅचचा मुलगा, गरीब घरचा, बारामतीत कंपनीत रात्रपाळी करतो. त्यानं लिहिलं होतं, "टांगली एकदाची," आणि पुढं हसरा चेहरा. मी त्याला फोन केला.

"तिथं आधी माझी होती," मी म्हटलं. "उद्या कुणाची बाग जळली तर नाव तुझं येईल. तू तिथं नसशील, पण नाव असेल."

तो मग म्हणाला, "कळतंय गं. पण घर चालतंय ना. बघू." मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्याच खुर्चीवर मीही बसले होते.

तात्यांनी आईला परत बोलावलं नाही. त्यांच्या भावकीतल्यांनीही नाही. आई आता लांबच्या वस्त्यांवर कामाला जाते, टेम्पोत उभी राहून. मी तिच्याबरोबर जाते. होय, बी.एस्सी. ॲग्री डाळिंबाची विरळणी करते. बाया मला चिडवतात, "मॅडम, ह्या पानाला काय झालं वो?" आणि मी सांगते. खरं ते सांगते. मालक बांधावर उभा राहून ऐकतो आणि ऐकलं नाही असं दाखवतो. रात्री अर्ज भरते. मुलाखतीला जाते. परत येते.

एक दिवस आईला मी म्हटलं, "तुझं काम माझ्यामुळं गेलं."

ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "त्याच्या बागंत मी जल्म घालीवला. त्यानं माझ्या पोरीला खोटं पाडलं. तू चूक झाली म्हनली असतीस, तर मी तुझ्या हातचं खाल्लं नसतं." मग जरा वेळानं, "आन् रडती कशाला? इस्तव बघ, इझतूय."

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका दुकानाचा मालक आला. इंदापूरचा. तशीच गाडी, तसेच कपडे. खुर्ची आणली, पाणी आणलं. यानं पाणी घेतलं, हे खरं. पण बोलणं तेच. "तुमी घरी बसा. कागद फक्त द्या."

"कागद मिळणार नाही," मी म्हटलं. "मी मिळेन. काउंटरवर, खुर्चीवर. पान मी बघणार, औषध मी सांगणार, आणि नको असेल तिथं नको म्हणणार. मालाचं खोकं पडून राहिलं तरी."

तो हसला. "तशी पद्धत न्हाय आपल्याकडं, मॅडम."

"मग डिग्रीही नाही."

तो आईकडं वळला. शहाणी बाई पोरीला समजावेल असं वाटलं असेल. आई म्हणाली, "पानी अजून देऊ का?" तो उठून गेला. गाडी ओढा ओलांडून दिसेनाशी झाली तरी आई दारात उभी होती. आम्हाला त्या पैशांची गरज नव्हती असं नाही. फार होती. आजही आहे.

फ्रेम मी मोडली. काच काढून टाकली. आमच्या भिंतीला मी खिळा ठोकलेला नाही. डिग्री प्लॅस्टिकच्या पिशवीत, माझ्या कपड्यांच्या पेटीत आहे, आणि मुलाखतीला जाताना माझ्याबरोबर असते. माझ्या नावाच्या शेवटच्या अक्षरावर तो हळदीचा डाग आहे. आई म्हणाली, लिंबू लावून बघ, जाईल. मी म्हटलं, राहू दे. मुलाखत घेणारे विचारतात, हा कसला डाग? मी सांगते, पूजेचा आहे. माझ्याच डिग्रीला शिवू नको म्हणाले होते, त्या दिवसाचा. ते कागद खाली ठेवतात, घाईनं दुसरा प्रश्न विचारतात. बहुतेक ठिकाणी ती नोकरी तिथंच जाते, हे मला ठाऊक आहे. तरी सांगते, आणि प्रत्येक ठिकाणी सांगणार. आता मला विचारल्याशिवाय या कागदाला कुणी शिवायचं नाही.